टीएलडी बॅज आणि लेड एप्रन: एक मोजतो, दुसरा अडवतो

ऑपरेशन थिएटरमध्ये सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) लावला की हमखास कानावर येतं, "बॅज आहे ना माझ्याकडे, मग एप्रन कशाला?" ही समजूत धोक्याची आहे. टीएलडी (थर्मोल्युमिनेसेंट डोसिमीटर) बॅज म्हणजे अंगावर किती किरणं पडली, म्हणजेच किती डोस बसला, ते मोजणारा बिल्ला; तो एक्स-रेचा एक किरणही अडवत नाही. लेड एप्रन, म्हणजे शिशाचा थर असलेला अंगरखा, अडवतो, पण किती डोस बसला ते त्याच्याकडून कधीच कळत नाही. थर्मामीटर लावून ताप उतरत नाही, तसंच हे.

आधी बॅज. त्याच्या प्लॅस्टिकच्या कॅसेटमध्ये एक धातूची पट्टी असते आणि तिच्यावर तीन छोट्या चकत्या. त्या टेफ्लॉन आणि डिस्प्रोसियम मिसळलेलं कॅल्शियम सल्फेट यांपासून बनवतात. भारतातला हा बॅज मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झाला. किरणांची ऊर्जा चकतीत साठून राहते. प्रयोगशाळेत चकती तापवली की ही ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते, आणि त्या प्रकाशावरून डोस ठरवतात. पहिल्या चकतीवर तांबं-अ‍ॅल्युमिनियमचा फिल्टर असतो, दुसरीवर प्लॅस्टिकचा, तिसरी उघडी. तिन्हींच्या रीडिंगमधल्या फरकावरून किरणं कोणत्या प्रकारची आणि किती ऊर्जेची होती याचा अंदाज येतो. म्हणूनच पट्टी कॅसेटमध्ये उलटी बसली तर रीडिंग चुकतं. आणि उत्तर हातात पडतं ते काम होऊन गेल्यावर, सहसा तीन महिन्यांनी.

एप्रनचं काम त्याच क्षणी होतं. सी-आर्मजवळ उभ्या असलेल्या माणसाला बसणारा डोस मुख्यतः रुग्णाच्या अंगावरून विखुरलेल्या किरणांचा असतो. 0.25 मिलिमीटर शिशाइतकी क्षमता असलेला एप्रन त्यातला मोठा भाग थोपवतो. डोकं, हात आणि डोळे मात्र उघडेच राहतात.

बॅज घालायचा एप्रनच्या आत, छातीवर. इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. बाहेर लावला तर शिशाने अडवलेला डोसही तुमच्या नावावर चढतो. एप्रनला टोचून ठेवला आणि एप्रन एक्स-रे रूममध्येच टांगला, तर खोलीतली किरणं बॅज मोजत बसतो आणि माणूस तोवर घरी असतो. असा चढलेला आकडा खरा की खोटा हे ठरवायला मग चौकशी लागते. स्वतःचा एक्स-रे किंवा सीटी काढायचा असेल तर बॅज काढून ठेवावा, कारण तो डोस उपचाराचा, नोकरीचा नव्हे. सहकाऱ्याचा बॅज उसना घेणं तर अजिबात नको.

अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्साराशी काम करणाऱ्यांसाठी घालून दिलेली मर्यादा सलग 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (डोस मोजण्याचं एकक) आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त 30 अशी आहे. बॅज नीट वापरलेला नसेल तर या आकड्याला काही अर्थच उरत नाही.

एप्रनचीही हेळसांड कमी होत नाही. घडी घालून कपाटात कोंबला की घडीवर शिसं तडकतं. वरचं कापड धडधाकट दिसतं, आत मात्र भेग पडलेली असते, आणि नेमकी तिथूनच किरणं आत येतात. म्हणून एप्रन हँगरवर सरळ टांगायचा आणि ठरावीक काळाने फ्लोरोस्कोपीखाली (पडद्यावर सलग दिसणारा एक्स-रे) किंवा एक्स-रे काढून तपासायचा. ही तपासणी कागदावर होते, प्रत्यक्षात राहून जाते, हे मला फार खटकतं.

पेट-स्कॅन विभागात गणित बदलतं. तिथल्या 511 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या, म्हणजे नेहमीच्या एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जेच्या, गॅमा किरणांपुढे नेहमीचा एप्रन जवळजवळ निरुपयोगी ठरतो. तिथे आधार असतो तो अंतराचा, कमीत कमी वेळाचा आणि जाड शिशाच्या भिंतींचा. बॅज मात्र तिथेही घालावाच लागतो.