लाल चिखल, काळा चिखल

यंदा श्रावणात गोव्यातल्या डिचोलीकडच्या, खाणपट्ट्यातल्या एका शेताचा फोटो मोबाईलवर फिरत होता. बांधालगतच्या पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग, आणि खाली ओळ: 'खाणीचे तेल भातात उतरले.' तेल की दुसरे काही, हे ठरवायला एक काठी पुरते. तवंगात काठी फिरवली आणि तो लगेच पुन्हा जुळून आला, तर तेल. पापुद्र्यासारखे तुकडे होऊन ते तसेच तरंगत राहिले, तर ती लोहाची साय. चिखलातून वर आलेले लोह हवेला भेटले की अशी साय धरते. पण मुळात ते वर येते कसे?

आपली तांबडी माती म्हणजे गंजाने माखलेली माती. जांभ्यातली गोथाइट आणि हेमॅटाइट ही लोहाची खनिजे, म्हणजेच हा गंज, पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. त्यांचे कण मात्र इतके बारीक असतात, की चिमूटभर गोथाइटचा पृष्ठभाग पसरला तर खोलीभर होईल. आम्लधर्मी मातीत या पृष्ठभागावर धनभार असतो, म्हणून ऋणभारित आर्सेनेट (आर्सेनिकचे एक रूप) आणि फॉस्फेट तिथे घट्ट चिकटतात. शिसे आणि कॅडमियम हे जड धातू स्वतः धनभारित, तरी तेही पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनशी थेट बंध जोडतात. माती जितकी कमी आम्ल, तितके जास्त.

मग पाऊस पडतो, शेत तुंबते. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट हळू पसरतो. मातीतले जिवाणू उरलेला ऑक्सिजन थोड्याच वेळात संपवतात. अन्न पचवताना सुटलेले इलेक्ट्रॉन आता कुणाला तरी द्यायलाच हवेत. आधी नायट्रेट, मग मँगनीजची ऑक्साइडे, मग गंज. इलेक्ट्रॉन मिळाला की तीन भारांचे लोह दोन भारांचे होते आणि विरघळते. या अभिक्रियेत आम्लही खर्ची पडते, म्हणून तुंबलेल्या आम्ल शेताचा सामू (pH) 7 च्या, म्हणजे उदासीनतेच्या, दिशेने सरकतो. खनिजच विरघळले की त्याला चिकटलेले आर्सेनिक पाण्यात मोकळे होते.

लोहानंतर सल्फेटची, म्हणजे गंधकाच्या क्षाराची, पाळी. मांडवी-झुआरी नद्यांच्या काठच्या खाजनांत, म्हणजे बांध घातलेल्या सखल खाऱ्या शेतांत, मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) खारे पाणी येते आणि सोबत सल्फेट आणते. त्याचे सल्फाइड होते, चिखल काळा पडतो, कुजक्या अंड्यांसारखा वास सुटतो. हा काळा चिखल कॅडमियमला सल्फाइडच्या रूपात कोंडून ठेवतो. शेत सुकवले की हवा आत शिरते, सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होते, आम्ल तयार होते आणि कॅडमियम सुटते. म्हणजे पाणी ठेवले तर आर्सेनिक सुटते, काढले तर कॅडमियम. जपानमध्ये कामिओका खाणीचे कॅडमियम जिंझू नदीवाटे भातशेतीत गेले. त्यातून झालेल्या हाडांच्या आजाराला, 'इताई-इताई'ला, तिथल्या सरकारने 1968 साली प्रदूषणाचा आजार म्हणून मान्यता दिली. पुढे जपानी शेतकऱ्यांना लोंब्या येण्याच्या सुमारास शेतात पाणी राखायचा सल्ला मिळाला, तो याच रसायनामुळे. म्हणून मातीच्या अहवालात धातूचा नुसता एकूण आकडा मला अपुरा वाटतो. शेतात पाणी किती दिवस उभे होते, हेही सोबत विचारायला हवे.

'जड धातू खाऊन टाकणारे जिवाणू' म्हणून बाटल्या विकायला येतात. जिवाणू धातूचे रूप बदलू शकतात, एका जागेवरून दुसरीकडे नेऊ शकतात. अणू नाहीसा करू शकत नाहीत. आणि तुंबलेल्या शेतात ताजे शेणखत किंवा पालापाचोळा भरपूर घातला तर जिवाणूंना अन्नच मिळते, गंज आणखी वेगाने विरघळतो. 'सेंद्रिय' म्हटले की विषमुक्त, हे समीकरण इथे चुकते.

भाताचे रोप मात्र स्वतःची सोय करते. त्याच्या खोडा-मुळांतल्या पोकळ्यांतून हवा खाली उतरते, मुळातून थोडी बाहेर झिरपते, आणि विरघळलेले लोह तिथेच पुन्हा गंजून मुळाभोवती तांबूस वेष्टन धरते. सुटलेल्या आर्सेनिकचा बराच भाग त्यात अडकतो. बेणणी करताना एखादे रोप उपटून मुळे धुऊन पाहा: जुनी मुळे विटकरी, टोके पांढरी. त्या पांढऱ्या टोकांशी वेष्टन नसते. तुंबलेल्या चिखलातले आर्सेनाइट, म्हणजे आर्सेनिकचे ऑक्सिजनविना राहिलेल्या मातीतले रूप, रोपाला सिलिकासारखे दिसते, आणि भात सिलिका ज्या वाटेने आत घेतो, त्याच वाटेने ते शिरते.