सख्खी भावंडं म्हणजे बरोब्बर 50 टक्के सेम? नाही हो!

सख्ख्या भावंडांचा डीएनए बरोब्बर अर्धा सेम असतो असं शाळेपासून ऐकलंय ना, तर ते अर्धंच खरंय. 50 टक्के ही सरासरी आहे. बरोब्बर अर्धा मिळतो तो आईकडून आणि बाबांकडून, पण कुठला अर्धा ते प्रत्येक मुलाच्या वेळी नव्याने ठरतं, म्हणजे पत्ते दरवेळी पिसून वाटल्यासारखं. त्यात गुणसूत्रांचे मोठमोठे तुकडे अख्खेच्या अख्खे जातात, सुटे पत्ते नाही, म्हणून वाटप कमीजास्त होतं. 2006 साली 4,401 भावंडांच्या जोड्या तपासल्या तेव्हा कुणाचं 37 टक्के जुळलं तर कुणाचं तब्बल 62 टक्के. त्यामुळे टेस्टमध्ये 44 आलं म्हणून आईकडे संशयाने बघू नका राव, सावत्र असाल, म्हणजे आई किंवा बाबा यांपैकी एकच सामाईक असेल, तर आकडा 25 च्या आसपास येतो.

मग चिंपांझीशी 98 टक्के आणि सख्ख्या ताईशी 50, हे कसं काय? अहो ते मोजमापच वेगळं. ताईच्या बाबतीत त्याच आईबाबांकडून आलेला तोच तुकडा दोघांकडे आहे का एवढंच बघतात, बाकी अक्षरं तर सगळ्याच माणसांची जवळजवळ सारखी असतात.

हॅमिल्टन या उत्क्रांतीच्या अभ्यासकाने 1964 मध्ये नातेवाईकांसाठी झीज सोसण्याचं जे गणित मांडलं, त्यातही भावंडांचा अर्धा हा सरासरीचाच. उत्क्रांतीला तेवढं पुरतं. शेवटच्या गुलाबजामवरून भांडताना कुणी रिपोर्ट काढून बघत नाही.