मानवी गर्भविकास

अंडपेशी आणि शुक्राणू यांच्या मीलनातून तयार झालेली एक पेशी वाढत वाढत जन्माला येणारे बाळ बनते, त्या सगळ्या वाटचालीला मानवी गर्भविकास म्हणतात. फलनापासून मोजले तर हा काळ सरासरी २६६ दिवसांचा, म्हणजे ३८ आठवड्यांचा भरतो. दवाखान्यात मात्र ४० आठवडे सांगतात. फलनाचा नेमका दिवस सहसा कुणालाच ठाऊक नसतो, म्हणून तिथे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्या हिशेबातल्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ नसतोच! ‘सहा आठवडे झाले’ याचा अर्थ डॉक्टरांच्या तोंडी एक आणि भ्रूणशास्त्राच्या पुस्तकात दुसरा असतो तो यामुळे. या नोंदीत पहिल्या आठ आठवड्यांचे आकडे फलनापासूनचे आहेत, त्यापुढचे दवाखान्याच्या पद्धतीचे.

अवयव एकामागून एक नव्याने घडतात, ही गोष्ट आज साधी वाटते. पण सतराव्या शतकात अनेक विद्वानांची खात्री होती की माणूस आधीच तयार असतो आणि पोटात फक्त मोठा होतो. निकोलास हार्टसूकर यांनी १६९४ मध्ये शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाचे चित्रच छापले. कास्पार फ्रीड्रिख वोल्फ यांनी १७५९ मध्ये कोंबडीच्या भ्रूणावरून याउलट मांडणी केली. सस्तन प्राण्यांची अंडपेशी प्रत्यक्ष दिसायला १८२७ साल उजाडले. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांना ती कुत्रीच्या अंडाशयात सापडली.

अंडाशयातून सुटलेली अंडपेशी जेमतेम एक दिवस टिकते, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. कोट्यवधी शुक्राणूंपैकी काही शेच अंडवाहिनीच्या रुंद भागापर्यंत पोचतात आणि त्यांतला एक आत शिरतो. दोघांची २३-२३ गुणसूत्रे एकत्र येऊन ४६ होतात. मग पेशी दुभंगत जाते: दोन, चार, आठ. गंमत म्हणजे या दिवसांत आकार वाढत नाही. तेवढ्याच पेशीद्रव्याच्या वाटण्या होत राहतात. पाचव्या दिवसाच्या सुमारास आतून पोकळ असा गोळा तयार होतो, त्याला कोरकपुटी म्हणतात. तिच्या आतल्या छोट्याशा पेशीपुंजातून पुढे बाळ घडते, तर बाहेरच्या थरातून वारेचा (प्लॅसेंटाचा) मोठा भाग. सहाव्या-सातव्या दिवशी कोरकपुटी गर्भाशयाच्या अस्तरात रुतू लागते. बाहेरचा थर एचसीजी हे संप्रेरक सोडतो, त्यामुळे पुढची पाळी येत नाही. लघवीच्या चाचणीत दिसते ते हेच संप्रेरक.

तिसऱ्या आठवड्यात चपट्या तबकडीसारख्या भ्रूणाचे तीन थर होतात. बाह्यस्तरापासून त्वचा आणि मेंदू, मध्यस्तरापासून स्नायू, हाडे व रक्त, अंतःस्तरापासून आतड्याचे व फुप्फुसांचे अस्तर. मेंदू आणि कातडी एकाच थरातली भावंडे आहेत, हे कुणाला चटकन खरे वाटत नाही. पाठीच्या मध्यरेषेवर बाह्यस्तर खोलगट होतो, त्याच्या कडा उचलल्या जाऊन एकमेकींना मिळतात आणि नळी तयार होते. हीच पुढे मेंदू व मज्जारज्जू बनते. नळीची दोन्ही तोंडे २८व्या दिवसापर्यंत मिटावी लागतात. वरचे उघडे राहिले तर मेंदूची व कवटीची घडण होत नाही, खालचे राहिले तर मणक्यात फट राहते. त्या दिवशी पाळी चुकून फार तर दोन आठवडे झालेले असतात. फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायला सांगतात त्याचे कारण हेच. बातमी कळल्यावर सुरू केलेली गोळी या नळीपुरती बहुधा उशिरा पोचते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी या नळीचा दोष असलेले मूल झालेल्या स्त्रियांमध्ये तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण फॉलिक ॲसिडने ७२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

हृदय २२व्या दिवसाच्या आसपास धडधडू लागते. तेव्हा ती एक साधी नळी असते. कप्पे नंतर पडतात. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस हातापायांचे कोंब फुटतात. हाताचा पंजा सुरुवातीला वल्ह्याच्या पात्यासारखा सलग असतो आणि मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात तेव्हा बोटे सुटी होतात. सहाव्या आठवड्यात आतडी इतक्या झपाट्याने लांबतात की पोटात मावत नाहीत. ती नाळेच्या बुंध्यात शिरतात आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास (दवाखान्याच्या हिशेबात बाराव्या) परत आत येतात. मुलगा-मुलगी हा भेद गुणसूत्रांत फलनापासूनच असला, तरी सहाव्या आठवड्यापर्यंत जननग्रंथी दोघांत सारख्याच दिसतात. वाय गुणसूत्रावरचे एसआरवाय हे जनुक असेल तर त्यांचे वृषण होऊ लागतात. हे जनुक १९९० मध्ये सापडले.

आठवा आठवडा संपतो तेव्हा भ्रूण डोक्यापासून ढुंगणापर्यंत सुमारे तीन सेंटिमीटर असतो आणि बहुतेक सगळ्या अवयवांची मांडणी झालेली असते. भ्रूणशास्त्रज्ञांनी या आठ आठवड्यांचे २३ टप्पे पाडले आहेत. उरलेल्या सात महिन्यांसाठी अशी बारीक विभागणी करण्याची गरज त्यांना वाटली नाही. घडण कुठे होते आणि नुसती वाढ कुठे, हे त्यावरूनच कळते. म्हणून बाहेरचा घातक पदार्थ कोणता, याइतकेच तो कोणत्या दिवशी पोचला यालाही महत्त्व असते. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये दाखवले की आईला सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला झाला तर बाळाला जन्मतः मोतीबिंदू होऊ शकतो. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आले, मळमळीवर म्हणून गर्भवतींनीही घेतले आणि १९६१ मध्ये मागे घेतले गेले. तोवर जगभरात हजारो मुले आखूड किंवा अपुऱ्या हातापायांनी जन्मली होती. धोक्याचे दिवस होते फलनानंतरचे साधारण २०वा ते ३६वा. वार सगळे वाईट अडवते, हा समज या औषधाने मोडीत काढला.

वारेचे काम तरीही थक्क करणारे आहे. पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलोची असते. आईचे आणि बाळाचे रक्त तिच्यात शेजारून वाहते पण सरमिसळ होत नाही. ऑक्सिजन, साखर आणि आईची काही प्रतिपिंडे मधला पातळ पडदा ओलांडतात. बाळाच्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजनची ओढ आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा जास्त असल्याने देवाणघेवाण बाळाच्या बाजूने झुकते.

नवव्या आठवड्यापासून (दवाखान्याच्या हिशेबात अकराव्या) भ्रूणाला गर्भ म्हणतात. हालचाल त्याआधीच सुरू झालेली असते, आईला ती जाणवते १६ ते २० आठवड्यांदरम्यान. अंगावर मऊ लव आणि पांढरट लेप येतो, बाळ गर्भजल गिळते आणि लघवी करते. पुढे गर्भजलाचा बराचसा भाग ही लघवीच असते. मिटलेल्या पापण्या २६-२८ आठवड्यांत उघडतात. फुप्फुसे सर्वांत मागे राहतात. त्यांतल्या हवेच्या पिशव्या मिटू न देणारा सरफॅक्टंट हा द्रव सुमारे २४ आठवड्यांपासून तयार होऊ लागतो, पण पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे लागतात. वेळेआधी जन्मलेली बाळे श्वासासाठी झगडतात ती याच्याच कमतरतेमुळे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले. न्यूझीलंडचे डॉक्टर लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये आईला स्टेरॉइड देऊन हा धोका कमी करता येतो हे सिद्ध केले.

जन्मापर्यंत फुप्फुसांत द्रव भरलेला असतो, तेव्हा तिकडे फारसे रक्त पाठवण्यात अर्थ नसतो. त्यासाठी हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये झडपेचे एक दार असते. पहिल्या श्वासाबरोबर फुप्फुसे उघडतात, डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि झडप दाबली जाऊन दार बंद होते. पुढच्या महिन्यांत ती चिकटते. सुमारे दर चार प्रौढांपैकी एकाच्या हृदयात मात्र ती कधीच पूर्ण चिकटत नाही, आणि बहुतेकांना याचा पत्ताही लागत नाही.