मॉरिशसची राष्ट्रीय ओळख

हिंदी महासागरातल्या या बेटावर मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. डच आले नि गेले. फ्रेंच मळेवाले, आफ्रिका-मादागास्करमधून आणलेले गुलाम, १८३४ पासून भारतातून आलेले गिरमिटिया (कराराने बांधलेले) मजूर, चिनी दुकानदार हे सगळे पुढे इथलेच झाले. त्यामुळे भूमिपुत्र कोण, हा वाद इथे फारसा पेटला नाही. वाद राहिला तो कोण कुठल्या रकान्यात बसतो याचा.

१९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली. हिंदू बहुमताची धास्ती हे त्याचे मोठे कारण. १२ मार्च १९६८ रोजी देश ब्रिटनपासून स्वतंत्र झाला. घटनेने चार समाज मानले : हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि ‘सर्वसाधारण’. चौथ्याची व्याख्या मासलेवाईक आहे : राहणीवरून जो पहिल्या तिघांत मोडत नाही, तो. म्हणजे क्रिओल, अर्थात गुलामांच्या वंशातला, मजूर आणि फ्रेंच वंशाचा साखर कारखानदार एकाच ओळीत! ज्या समाजाचे प्रतिनिधी कमी पडतील त्याच्या पराभूत उमेदवारांना ‘बेस्ट लूजर’ म्हणून जास्तीत जास्त ८ जागा देण्याची सोय झाली.

‘एक जनता, एक राष्ट्र’ म्हणणाऱ्या डाव्या आघाडीने १९८२ मध्ये मुख्य बेटावरच्या सर्व ६० जागा जिंकल्या आणि जनगणनेतला समाजाचा रकाना गेला. ‘बेस्ट लूजर’ जागांचा हिशेब मात्र १९७२ च्या जनगणनेवरच चालू राहिला. लोक बदलले, आकडे तेच.

रकाना कागदावरून पुसला तरी क्रम लोकांच्या ध्यानात असतो. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमिळच्या आधी हिंदी छापली गेली. तमिळ समाज खवळला आणि नोटा मागे घ्याव्या लागल्या. बहुतेकांची घरातली भाषा असलेली क्रिओल नोटेवर नव्हतीच, त्यावर कोणी भांडले नाही. प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून ती २०१२ मध्ये आली.

कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज असलेले मराठी निवडणुकीच्या हिशेबात हिंदूंत धरले जातात. रोजच्या बोलण्यात मात्र ‘हिंदू’ म्हणजे भोजपुरी-हिंदीवाले. मराठी, तमिळ, तेलुगू वेगळे. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. आरती मराठीत होते, आणि ती संपल्यावरच्या गप्पा क्रिओलमध्ये.