डनलूस किल्ला

डनलूस हा उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिम काउंटीचा पडका किल्ला, पोर्टरशच्या जवळ, समुद्राच्या अगदी कड्यावर. खडक आपल्या सह्याद्रीसारखाच काळा बसाल्ट, कडे सरळ तुटलेले, पोटात गुहा, आणि जमिनीकडून आत शिरायला एवढासा पूल, म्हणजे पूल ज्याच्या ताब्यात त्याचाच किल्ला.

बांधला मॅकक्विलन घराण्याने, १५०० च्या आसपास, पण नाव झालं मॅकडोनेलांचं. हे मूळचे स्कॉटलंडच्या बेटांकडचे. १६व्या शतकाच्या मध्यात त्यांच्यातल्या सोर्ली बॉयने मॅकक्विलनांना हटवून किल्ला बळकावला, ते इंग्रजांना खुपलं आणि १५८४ ला त्यांचा आयर्लंडमधला कारभारी सर जॉन पेरटने तोफा डागून तो घेतला. पुढच्याच वर्षी सोर्लीच्या माणसांनी परत मिळवला, तोही कसा तर आतल्याच कुणीतरी फितूर होऊन रात्री त्यांना टोपल्यांत बसवून कड्यावरून वर ओढून घेतलं असं सांगतात. सोर्लीच्या मुलाचं मुंडकं डब्लिनच्या किल्ल्यावर टांगलेलं त्याला दाखवलं तेव्हा म्हातारा म्हणाला म्हणे, माझ्या मुलाला डोकी पुष्कळ आहेत. तरी १५८६ ला इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीपुढे नमतं घेऊन जमीन पदरात पाडून घेतलीच. हे घराणं लढायचं तेवढंच, पण वेळेवर बाजू बदलायचं त्याहून जास्त, आणि टिकलं ते त्यामुळेच असं माझं मत.

१५८८ च्या ऑक्टोबरमध्ये स्पॅनिश आरमारातलं जिरोना हे जहाज जवळच लकाडा पॉइंटला फुटलं, हजाराहून जास्त माणसं बुडाली, वाचले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मॅकडोनेलांनी त्याच्या तोफा वर काढून किल्ल्याच्या दरवाजावर बसवल्या. उरलेला ऐवज पाण्यातच पडून होता, १९६७ ला बेल्जियमच्या रॉबर्ट स्टेन्युइने शोधला, त्यातली माणकं जडवलेली सोन्याची छोटीशी पाल बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये बघायला मिळते.

सोर्लीचा मुलगा रँडल आधी इंग्रजांविरुद्ध लढला, १६०२ ला फिरला, मग पहिल्या जेम्स राजाने त्याला ३ लाख एकरांहून जास्त जमीन दिली आणि १६२० ला अर्ल ऑफ अँट्रिम, म्हणजे तिथला उमराव, केलं. १६०८ च्या सुमारास त्याने किल्ल्याबाहेर गाव वसवलं, स्कॉटिश व्यापारी आणले. १६४१ च्या आयरिश बंडात ते जळालं, पुढे गवताखाली गेलं, आणि २००९ नंतर खोदकाम झालं तेव्हा दगडी फरसबंदीचा रस्ता आणि घरांचे पाये निघाले. किल्ल्यापेक्षा हेच जास्त बघण्यासारखं आहे खरं तर, पण लोक पुलावर फोटो काढतात आणि निघतात.

सगळ्यात गाजलेली गोष्ट स्वयंपाकघराची: १६३९ ला वादळी रात्री जेवणाची तयारी चालू असताना ते नोकरांसकट समुद्रात कोसळलं, कोपऱ्यात बसलेला एक पोरगा तेवढा वाचला आणि तेव्हाच्या, म्हणजे दुसऱ्या अर्लच्या बायकोने इथे राहायला नकार दिला. गोष्ट झकास आहे, पण १८व्या शतकातल्या चित्रांत त्या बाजूची भिंत उभी दिसते, तेव्हा पडझड झाली ती बरीच नंतरची.

खरा उतार लागला तो युद्धांमुळे. इंग्लंडचा सत्ताधीश झालेल्या क्रॉमवेलच्या काळात जमिनी गेल्या, नंतर परत मिळाल्या, पण १६९० च्या बॉइनच्या लढाईत दुसऱ्या जेम्स राजाची, म्हणजे घराण्याने धरलेली बाजू हरली, त्यानंतर किल्ला सांभाळायची ऐपत उरली नाही आणि दगड लोकांनी उचलून नेले. १९२८ ला तो सरकारच्या ताब्यात आला, आता तिकीट काढून बघता येतो. घराणं अँट्रिममधल्याच ग्लेनार्मला राहतं आणि अर्लच्या वारसाला अजूनही व्हायकाउंट डनलूस म्हणतात.