रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन : स्वाक्षरीसंग्रह

कुठेही न थांबता एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन (जन्म १९३९) यांच्या सहीच्या वस्तू जमवण्याचा छंद. १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फालमथहून निघून २२ एप्रिल १९६९ रोजी ते तिथेच परतले. हा प्रवास पृथ्वीप्रदक्षिणेच्या गोल्डन ग्लोब शर्यतीतला; १९६८-६९ची ती शर्यत पुरी करणारे ते एकमेव स्पर्धक. त्यांची ३२ फुटी सागवानी होडी ‘सुहेली’ मुंबईची, कुलाब्याला बांधलेली.

संग्रहात मुख्यतः पुस्तके, छायाचित्रे, टपाल पाकिटे आणि शिडाच्या कापडाचे तुकडे येतात. सही खरी का, याआधी वस्तू कधीची हे पाहावे. प्रवासावरचे त्यांचे पुस्तक परतल्यानंतर लिहून १९६९ मध्ये लंडनला निघाले. त्यामुळे त्यावर ‘२२ एप्रिल १९६९’ ही तारीख सहीखाली दिसली, तर ती बंदरात उतरताना केलेली सही नव्हे, मागाहून घातलेली तारीख. छायाचित्राखाली ‘सर’ छापलेले असेल तर ती प्रत १९९५ची किंवा त्यानंतर छापलेली, कारण तो किताब त्या वर्षी मिळाला. पाकिटावरचा टपाली शिक्का पाकिटाचा दिवस सांगतो, सहीचा नाही. नवखे लोक इथेच फसतात.

सही दहापट भिंगाखाली धरावी. बारीक ठिपके दिसले तर ती छापील. यंत्राने केलेल्या सहीत रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी असते आणि पेन टेकल्या-उचलल्या जागी शाईचा गोळा राहतो. दोन सह्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या तर संशय पक्का, कारण माणसाचा हात तशी सही दोनदा करत नाही. बॉलपेनची सही असेल तर कागदाच्या मागे बोट फिरवावे, दाब जाणवतो, स्केचपेनचा नाही. विक्रेत्याच्या प्रमाणपत्राची किंमत तो विक्रेता किती विश्वासू, तेवढीच.

नवी सही घेताना गुळगुळीत छायाचित्रावर शाई पूर्ण सुकू द्यावी. ओली असताना दुसरे छायाचित्र वर ठेवले की सहीची उलटी छाप त्याच्या पाठीवर उमटते. शिडाच्या कापडावर शाई पसरते, म्हणून आधी कोपऱ्यात एक रेघ ओढून पाहावी. कापडाची घडी घालू नये, नळीवर गुंडाळावे.

जपणुकीत दोन शत्रू, ऊन आणि दमट हवा. स्केचपेनची शाई उन्हाने फिकी पडते, म्हणून भिंतीवर मूळ प्रत न लावता रंगीत झेरॉक्स लावावी. पीव्हीसीच्या पिशव्या कागदाला चिकटतात; पॉलिएस्टरची पाकिटे वापरावीत. लॅमिनेशन तर कधीच करू नये. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेल (ओलावा शोषणारे, रंग बदलणारे दाणे) ठेवावे आणि त्याचा रंग बदलला की ते बदलावे, नाहीतर बुरशीचे तपकिरी ठिपके सहीपर्यंत पोचतात.