घरघंटीवरचं दळण : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पाऊस सुरू झाला की "घंटी बारीक दळत नाही" अशी तक्रार हमखास येते. अशा वेळी मोटार बहुधा ठणठणीत असते. धान्याने मुंबईची दमट हवा शोषलेली असते, आणि ओलसर दाणा कोणत्याच घंटीत नीट दळला जात नाही.

घंटी दळते कशी

घरघंटीत दगडी जातं नसतं. स्टीलच्या गोल पेटीत मिनिटाला सुमारे २,८०० फेऱ्यांनी फिरणारी पाती दाण्यावर आपटतात. दाणा फुटत जातो आणि तुकडा जाळीच्या छिद्रातून जाण्याइतका लहान झाला की बाहेर पडतो. म्हणून पीठ किती बारीक हे जाळी ठरवते, पात्यांची धार नव्हे.

ओलसर दाणा फुटण्याऐवजी चेपतो आणि छिद्रांवर लिंपला जातो. पिठाला वाट मिळत नाही, ते आतच पुन्हापुन्हा कुटलं जाऊन तापतं, मोटारीवर ताण येतो आणि घंटी बंद पडते. असं झालं तर प्लग काढा, जाळी कोरड्या ब्रशने साफ करा, मोटार १०–१५ मिनिटं निवू द्या आणि मग रीसेटचं लाल बटण दाबा. लगेच पुन्हापुन्हा दाबत राहू नका.

दळण्याआधी चार दाणे दाताखाली धरून बघा. कट्‌ असा आवाज होऊन दाणा फुटला तर दळण तयार आहे. दबला तर चादरीवर पातळ पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवा. घाई असेल तर कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता. नुसतं कोरडं करायचंय, खमंग भाजायचं नाही. मात्र ते पूर्ण गार होऊ द्या. कोमट धान्य दळलं तर आत वाफ धरते आणि पुन्हा तोच चिखल.

कोणत्या धान्याला कोणती जाळी

जाळीचे नंबर कंपनीगणिक बदलतात, म्हणून छिद्राच्या मापाने सांगतो. तांदूळ आणि ज्वारीला अर्धा मिमी, गव्हाला पाऊण मिमी, थालिपिठाची भाजणी आणि लाडवाचं बेसन १ मिमी, लापशी किंवा इडलीचा रवा २ मिमी.

ज्वारीच्या बाबतीत जाळीइतकाच ताजेपणाही महत्त्वाचा. पीठ जुनं झालं की त्याची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना कडेने फाटते. ज्वारी आठवडाभरापुरतीच दळा. बाजरीचं पीठ तर त्याहून लवकर कडू होतं, कारण दाण्यातली चरबी दळल्यावर उघडी पडते. तीन-चार दिवसांत संपेल इतकंच दळावं, उरलं तर घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये.

दगडी गिरणीच्या कणकेपेक्षा घंटीची कणीक पाणी थोडं कमी पिते. आधी नेहमीपेक्षा कमी पाण्यात भिजवा, १५–२० मिनिटं झाकून मुरू द्या आणि मग लागलं तर हात ओला करून मळा. पोळ्या वातड होतात अशी तक्रार असेल तर आधी हे करून पाहा.

मोदकाची पिठी हा वेगळा विषय, कारण गणपती ऐन पावसात येतात. तांदूळ धुऊन, निथळून सुती कापडावर सावलीत पसरा. या हवेत ते पंख्याखालीही दोन दिवस घेतात. आदल्या रात्री धुतलेले तांदूळ सकाळी दळायला घेऊ नका. वरून कोरडे वाटतात, पण आत ओल असतेच. चतुर्थीच्या चार-पाच दिवस आधी हे काम उरका.

चकलीची भाजणी (तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, मूग डाळ १, उडीद डाळ अर्धी) भाजून पूर्ण निवल्यावर अर्धा मिमीच्या जाळीवर दळा. जाड राहिली तर चकली तुटते.

दळण्याचा क्रम

घंटी आधी रिकामी सुरू करा, वेग धरू द्या, मग हॉपरची (वर धान्य ओततो त्या भागाची) पट्टी थोडी उघडा. नाचणीसारखं बारीक धान्य भसकन घसरतं, तिथे पट्टी आणखी कमी. दळण संपलं तरी एक-दोन मिनिटं रिकामी चालू ठेवा. पेटीत धान्य असताना बंद केली तर पुढच्या वेळी मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही. तसं झालं तर लगेच बंद करून पेटी रिकामी करा. रिकामी घंटीही गुणगुणत असेल तर कपॅसिटर (मोटारीला सुरू व्हायला जोर देणारा भाग) गेला असण्याची शक्यता आहे. तो आमचा माणूस येऊन बदलेल.

गिरणीत आपण "गव्हावर गहू टाका" म्हणतो, तेच घरीही पाळा. पेटीत थोडं पीठ उरतंच. आधी तांदूळ, मग गहू, शेवटी डाळी. उपवासाची भगर किंवा राजगिरा दळायचा असेल तर पेटी साफ करा आणि पहिलं मूठभर पीठ बाजूला काढा.

धान्य निवडून, चाळून घ्या. एक खडा जाळीला भोक पाडतो, मग पिठात अख्खे तुकडे दिसू लागतात. हळद, खोबरं, तीळ, शेंगदाणे घंटीत घालू नका. हळकुंड पात्यांना फार कठीण, आणि बाकीच्यांचं तेल जाळी बुजवतं.

पीठ उडत असेल तर

पाती फिरताना पंख्यासारखी हवा ढकलतात. ती डब्यावरच्या कापडी गाळणीतून बाहेर पडते. कापड तुंबलं की हवा फटींतून पीठ घेऊन निघते आणि ओट्यावर पांढरा थर बसतो. प्रत्येक दळणानंतर कापड झटका, महिन्यातून एकदा धुवा आणि शिवणीपर्यंत खडखडीत वाळल्यावरच लावा. पेटीत पाणी कधीच नको. कोपऱ्यात राहिलेल्या पिठात पावसाळ्यात अळ्या आणि टोके होतात, म्हणून आठवडाभर घंटी वापरणार नसाल तर आतून ब्रश फिरवून ठेवा.

जागा आणि वीज

१ एचपीची घंटी ताशी साधारण १ युनिट वीज घेते आणि गहू तासाला ६ ते ८ किलो दळते. तिला १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला पॉइंट हवा. एक्स्टेंशन बोर्डावर ती चालवू नका. शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीपासून वीतभर दूर, रबरी पॅडवर ठेवली की आवाज बराच कमी होतो. दुपारी एक ते चार ही वेळ टाळलेली बरी, चाळीत तर नक्कीच. जाळी बदलताना स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढा.

तक्रार नोंदवताना कोणतं धान्य, कोणती जाळी आणि घंटी खरखरते की गुणगुणते, एवढं सांगा. खरखर बहुधा बेअरिंगची असते. त्यावरून कारागीर योग्य सुटा भाग सोबत घेऊन येतो आणि दुसरी खेप वाचते.